येसूबाईंनी हक्क सोडला नव्हता

शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या बचत गटाची बैठक असते. अवसरी बुद्रुकमध्ये भैरवनाथाच्या देवळाजवळ आम्ही बसतो. हप्ते गोळा करायचे, वही लिहायची, कुणाला कर्ज हवंय ते बघायचं, आणि मग चहा. ही श्रावणातली गोष्ट. खुरपणीचे दिवस होते, म्हणून बायका कमीच आल्या होत्या. हप्ते झाले, वही मिटली, चहाही झाला, तरी एक मैत्रीण जागची उठेना.

"काय गं, घरी जायचं नाही का?" मी विचारलं.

"राखी बांधायला माहेरी गेले होते, ताई. जेवणं झाली आणि दादा म्हणाला, पुढच्या आठवड्यात घोडेगावला ये. सही करायची आहे. हक्कसोडीची."

तिचे वडील आदल्या वर्षी गेले. दोन भाऊ आणि ही एकटी बहीण. हिच्या वाट्याला पाऊण एकराच्या आसपास जमीन येते. भाऊ वाईट नाहीत. वडिलांच्या आजारपणात त्यांनी खस्ता खाल्ल्या, आईला तेच सांभाळतात. पण ही जरा घुटमळली, तेव्हा थोरला भाऊ जे बोलला ते तिच्या मनाला लागलं होतं. तो म्हणाला, "अगं, येसूबाईंनी दिरासाठी आख्खं राज्य सोडलं. तू पाऊण एकराचं काय घेऊन बसलीस?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. मग तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही बी. ए. झालेल्या. इतिहास होता ना तुम्हाला? खरंच सोडलं का हो त्यांनी?"

खरं सांगते, मैत्रिणींनो, मला चटकन उत्तर देता आलं नाही. बी. ए.ला इतिहास होता, पण तो परीक्षेपुरता. येसूबाई म्हणजे त्यागमूर्ती, एवढंच डोक्यात बसलेलं. 'छावा' सिनेमा २०२५ मध्ये आला, तो आमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला, डोळे पुसत घरी आलो. पण सिनेमा संभाजी महाराजांच्या बलिदानाशी संपतो. येसूबाईंची खरी परीक्षा तर तिथून पुढं सुरू होते, आणि ती एकदोन वर्षं नाही, तब्बल तीस वर्षं चालली. मी तिला म्हटलं, "सही करायची घाई करू नकोस. मला पंधरा दिवस दे." आणि पुस्तकं आणून वाचायला बसले.

येसूबाई कोकणातल्या शृंगारपूरच्या. पिलाजीराव शिर्के यांची लेक. लग्न झालं ते अगदी लहान वयात, आणि आपल्याकडे आजही ज्याला साटंलोटं म्हणतात तसं. शिर्क्यांची लेक भोसल्यांकडे आली आणि शिवाजी महाराजांची लेक राजकुंवर येसूबाईंच्या भावाला, गणोजीला दिली. म्हणजे सासर आणि माहेर दोन्हीकडून गाठ बांधलेली. जिजाऊ आणि शिवाजी महाराज ज्या घरात होते, त्या घरात ही मुलगी वाढली. कारभार, पत्रव्यवहार, न्यायनिवाडा, सण-उत्सव हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. ज्याच्याशी संसार करायचा तो नवराही नुसता तलवारबहाद्दर नव्हता. संभाजी महाराजांनी 'बुधभूषण' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. विद्वान आणि कवी यांची त्यांच्याकडे ऊठबस असे.

१६८१ च्या जानेवारीत संभाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक झाला आणि येसूबाई महाराणी झाल्या. पुढची आठ वर्षं छत्रपती सतत मोहिमेवर. एकीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, दुसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज, आणि दख्खनेत स्वतः उतरलेला औरंगजेब. अशा वेळी रायगडावरचा कारभार बघायला घरचं भरवशाचं माणूस हवं. ते माणूस म्हणजे येसूबाई. त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती: 'श्री सखी राज्ञी जयति'.

या चार शब्दांवर मी बराच वेळ थांबले. राज्ञी म्हणजे राणी, हे ठीक आहे. पण त्याच्या आधी 'सखी' आहे. नवऱ्यानं बायकोला राणी म्हणणं सोपं, सखी म्हणून तिच्या हाती शिक्का देणं अवघड. आणि शिक्का म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तो उमटला की हुकूम पक्का. आपल्या गटात दहा वर्षांपूर्वी सही करताना हात थरथरणाऱ्या बायका होत्या. आज त्याच बँकेत जाऊन अध्यक्ष, सचिव म्हणून सही करतात. त्या सहीनं काय फरक पडतो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून त्या मुद्रेची किंमत मला पुस्तकापेक्षा वहीवरून जास्त कळली.

१८ मे १६८२ रोजी माणगावजवळ गांगवली इथं शाहूंचा जन्म झाला. त्यांच्याआधी भवानीबाई ही लेक होती. पण सुखाचे दिवस थोडेच निघाले. शिर्क्यांचं आणि छत्रपतींचं बिनसलं. ज्या दोन घरांची दुहेरी गाठ बांधली होती, त्यांच्यातच वितुष्ट आलं. माहेर आणि सासर यांच्यात भांडण लागलं की मधल्या बाईचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

१ फेब्रुवारी १६८९. संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. बातमी रायगडावर आली तेव्हा येसूबाईंच्या पदरात सातव्या वर्षातले शाहू. राज्याचा धनी शत्रूच्या हाती. गडावर राजाराम महाराज होते, वय एकोणीसच्या घरात. पण ते मोकळे नव्हते, नजरकैदेत होते. त्यांच्या आई सोयराबाई १६८१ सालीच गेलेल्या, आणि गादीवरून घरात झालेला तो कलह सगळ्यांना ठाऊक होता. सावत्र दीर, त्यातून मनं दुखावलेली. दुसरी कुणी असती तर तिनं काय केलं असतं? आपल्या मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावानं स्वतः कारभार केला असता. त्यांना कुणी नावं ठेवली नसती. शाहू थोरल्या पातीचे, हक्काचे वारस.

येसूबाईंनी प्रधानांना आणि सरदारांना एकत्र घेतलं आणि फेब्रुवारी महिन्यातच राजाराम महाराजांना मंचकावर बसवलं. लक्षात घ्या, तेव्हा संभाजी महाराज अजून हयात होते. कपाळावर कुंकू होतं. नवरा शत्रूच्या छावणीत, त्याचे हाल चाललेले, आणि ही बाई रडत न बसता पुढचा विचार करत होती. ११ मार्चला, ऐन पाडव्याच्या तोंडावर, संभाजी महाराजांची हत्या झाली. वढू बुद्रुक आणि तुळापूर आपल्या गावापासून काही फार लांब नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणी तिथं डोकं टेकवून आल्या असतील.

त्यानंतर झुल्फिकारखानानं, म्हणजे तेव्हाच्या इतिकादखानानं, रायगडाला वेढा घातला. येसूबाईंनी ठरवलं ते असं: राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडायचं, आणि आपण शाहूंना घेऊन गड लढवत राहायचं. घरातलं सगळं बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही. एका कणगीला कीड लागली तरी दुसरी राहते. ५ एप्रिल १६८९ ला राजाराम महाराज गडावरून निसटले. पुढं प्रतापगड, पन्हाळा करत ते थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले. इकडं रायगड नोव्हेंबरपर्यंत झुंजत राहिला. ३ नोव्हेंबरला तो पडला. येसूबाई, शाहू आणि राजघराण्यातली इतर माणसं मोगलांच्या कैदेत गेली.

इथवर वाचलं की 'त्याग' हा शब्द ओठावर येतोच. पण मला आता वाटतं, तो शब्द अपुरा आहे. त्याग तर होताच, पण आधी निर्णय होता. कुणी त्यांना घोडेगावला बोलावून 'इथं सही कर' म्हटलं नव्हतं. सगळ्यांचं ऐकून घेऊन, पुढचं-मागचं पाहून, शिक्का हातात असलेल्या बाईनं ठरवलं की राज्य टिकवायचं तर असंच करावं लागेल. आपण पोथ्यांत, भाषणांत, सिनेमात बाईच्या त्यागाचं कौतुक करतो. तिनं केलेल्या विचाराबद्दल मात्र फारसं बोलत नाही.

आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर पुढं मिळालं. येसूबाईंनी शाहूंचा हक्क सोडला नव्हता. राजाराम महाराजांनी राज्य चालवायचं ते शाहूंच्या वतीनं, हे मोठमोठ्यांना ठाऊक होतं. जिंजीच्या काळातल्या राजाराम महाराजांच्या एका पत्राचा आशयच असा आहे की शाहू परत येतील तेव्हा राज्य त्यांचं, आपण जे करतो आहोत ते त्यांच्यासाठीच. म्हणजे ते सोडणं नव्हतं, सांभाळायला देणं होतं. दागिना विकणं आणि शेजारणीकडे ठेवायला देणं, यात जेवढा फरक, तेवढा.

कैदेतली वर्षं कशी गेली असतील? औरंगजेबाची छावणी आज इथं, उद्या तिथं. १६९५ पासून चारेक वर्षं ती भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. तिथून पंढरपूर जवळ, पण कैद्याला कसली आली वारी? या छावणीत येसूबाईंना आधार मिळाला तो औरंगजेबाच्याच मुलीचा, झीनतउन्निसाचा. मराठी कागदांत आणि बखरींत तिला नुसतं 'बेगम' म्हणतात. लग्न न केलेली, बापाच्या सोबतीनं राहणारी ही शहजादी. तिनं येसूबाईंना आणि शाहूंना माया लावली. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि बेगमेच्या बापानंच येसूबाईंचा नवरा मारलेला. तरीही एका बाईनं दुसरीचं मूल आपलं मानलं. इतिहासात लढायांच्या तारखा मिळतात. ही माया मात्र शोधावी लागते.

१७०३ मध्ये मोठं संकट आलं. बादशहानं शाहूंना धर्म बदलायचा आग्रह धरला. शाहू तेव्हा एकवीस वर्षांचे. बखरींत असं येतं की मायलेकरांनी बेगमेकडे धाव घेतली, तिनं रदबदली केली, आणि शेवटी प्रतापराव गुजरांची दोन मुलं, खंडेराव आणि जगजीवन, शाहूंच्या ऐवजी मुसलमान झाली. आपला देवधर्म राखायचा म्हणजे काय, हे येसूबाईंना अशा छावणीत राहून रोज ठरवावं लागलं असेल. आपण गुरुवार धरतो, चतुर्थी करतो, एखादा उपवास चुकला तर हळहळतो. त्यांच्यासाठी श्रद्धा ही सवय नव्हती, रोजची कसोटी होती.

कैदेतलं त्यांचं एक पत्र चिंचवडच्या देवांना गेलेलं आहे. मोरया गोसावींचं हे घराणं, भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा. मला वाटलं, पत्रात नवस असेल, नाहीतर आशीर्वाद मागितला असेल. तर पत्रात आहे कर्ज! छावणीतल्या खर्चाला पैसा पुरत नाही, कर्ज झालंय, ते फिटायची काही तजवीज व्हावी, असा त्याचा सूर आहे. वाचून मी चकितच झाले. छत्रपतींची राणी, आणि आपल्या गटातल्या बाईसारखी हिशोबाच्या काळजीत! पण मग वाटलं, म्हणूनच ती मोठी. रडगाणं गायलं नाही. जिथून मदत मिळेल तिथं नीट लिहून अडचण सांगितली.

याच कैदेत त्यांनी लेकाची लग्नं पाहिली. सिंदखेडच्या जाधवांची आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांची लेक सून म्हणून घरात आली. घर कसलं, तंबूच तो.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, वारला. त्याचा मुलगा आझमशहा उत्तरेकडे निघाला आणि वाटेत मे महिन्यात त्यानं शाहूंना सोडलं. पण आईला सोडलं नाही. शाहूंनी शब्द मोडू नये म्हणून येसूबाई आणि सुना ओलीस राहिल्या, त्यांना दिल्लीला नेलं. अठरा वर्षं ज्याला पंखाखाली जपला, तो लेक घरी निघाला आणि आई तिथंच राहिली.

पुढची गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. राजाराम महाराज १७०० सालीच वारले होते. त्यांच्यामागं ताराबाईंनी सात वर्षं मोगलांशी झुंज दिली, राज्य जिवंत ठेवलं. शाहू परत आले तेव्हा ताराबाईंचं म्हणणं पडलं की संभाजी महाराजांचं राज्य बुडालं, हे राज्य आम्ही नव्यानं मिळवलंय, तुमचा हक्क नाही. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. ज्यांनी रक्त आटवलं त्यांना तसं वाटणारच. थोरल्या भावाचं बोलणं मला इथं आठवलं. 'आम्ही वडिलांचं केलं, आम्ही शेत राखलं.' शेवटी ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. हे खेड म्हणजे आपलं राजगुरुनगर. मंचरहून पुण्याला जाताना आपण जो पूल ओलांडतो, तीच भीमा. धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि पारडं फिरलं. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

माझं माहेर खेड तालुक्यातलं. लहानपणापासून त्या नदीवरून गेले, पण एका आईनं रायगडावर दिलेल्या शब्दाची लढाई तिथं झाली, हे मला या वयात कळलं. रायगडावर जे ठरलं ते माणसांच्या शब्दावर ठरलं होतं. १८ वर्षांनी तो शब्द ऐकलेली माणसं थोडीच उरली होती, आणि घरातल्या घरात तलवारी उपसल्या गेल्या.

राज्याभिषेकाला आई नव्हती. ती आणखी अकरा वर्षं दिल्लीत होती. १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे फौज घेऊन सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीला गेले. स्वराज्याच्या, चौथाईच्या, सरदेशमुखीच्या सनदा मिळवायच्या होत्या, आणि त्याबरोबर राजमातेची सुटकाही. १७१९ च्या जुलैमध्ये येसूबाई साताऱ्यात पोहोचल्या. रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असलेला मुलगा आता सदतीस वर्षांचा होता, आणि गादीवर होता. त्यांची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. कधी साताऱ्याला गेलात तर कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर जरूर जा.

पंधरा दिवसांनी बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मग कायद्याचंही बोलले. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच त्या दिशेनं पाऊल टाकलं होतं, पण त्यात तेव्हा लग्न झालेल्या मुली नव्हत्या. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं, आणि एकदा नोंद झाली की ते फिरवणं फार अवघड. भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण कागद वाचून, घरी आणून, दोन दिवस विचार करून. आणि जमीन भावाला कसायला देता येते, सातबारावर आपलं नाव ठेवूनही.

तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही केली होती का वो वाचून सही?"

मी खोटं बोलले नाही. नव्हती वाचली. पंधरा वर्षांपूर्वी भावानं बोट ठेवलं तिथं सही केली, त्यानं घेतलेली पैठणी नेसून परत आले, आणि वाटेत मला भारी वाटत होतं. भावाबद्दल माझी आजही तक्रार नाही. विचारलं असतं तर कदाचित मी दिलंही असतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सल मनात राहिली आहे ती एवढीच.

आमची मैत्रीण घोडेगावला गेली, पण सही करायला नाही. भावांना तिनं सांगितलं, "शेत तुम्हीच करा. मला धान्याचा दाणा नको. आईला मी महिन्यातले आठ दिवस माझ्याकडे आणीन. पण नाव राहू द्या." तिच्या नवऱ्यालाही हे पटायला वेळ लागला. भाऊ काही न बोलता निघून गेले. गणपतीत फोन नाही, दसऱ्याला नाही. दिवाळी जवळ आली तशी ती बैठकीत गप्प गप्प राहायला लागली. मलाही रात्री झोप लागेना. वाटायचं, आपण इतिहास सांगायला गेलो आणि हिचं माहेर तुटलं की काय!

भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. ती न बोलावता गेली. करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताट घेऊन सकाळच्या एसटीनं. धाकटा भाऊ तिला पाहून शेताकडे निघून गेला. थोरला बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मग आत येऊन पाटावर बसला.

पुढच्या शनिवारी तिनं हप्ता भरला, वहीवर सही केली आणि मला म्हणाली, "अर्धं जमलं, ताई. येसूबाईंना तर तीस वर्षं लागली."